पॅराशूटचं कापड: काय लागलं, कशाने धुतलं आणि किती ताकद उरली

मृगाचा पाऊस सुरू झाला की कामशेत आणि पाचगणीचं पॅराग्लायडिंग थांबतं. ग्लायडर पिशवीत जातात, पिशव्या माळ्यावर. आणि दर वर्षी नेमका याच आठवड्यात तो प्रश्न येतो: मोसमभराचा चिखल, शेण, गवताचे हिरवे ओरखडे अंगावर आहेत, एकदा स्वच्छ धुऊनच ठेवू का?

धुऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको. पॅराशूट असो, पॅराग्लायडर असो की हार्नेसमध्ये (उडणाऱ्याच्या पट्ट्यांच्या बैठकीत) बसवलेलं रिझर्व्ह, म्हणजे संकटकाळचं पॅराशूट असो, या कापडांचं घाणीने जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त ते घाण काढण्याच्या उत्साहात होतं. कापडाची ताकद खरोखर खाणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. त्या ओळखता आल्या पाहिजेत, कारण त्यातल्या बऱ्याचशा डाग म्हणून दिसतही नाहीत.

आधी कापड. गोल पॅराशूटसाठी अनेक दशकं वापरात असलेलं अमेरिकी लष्करी प्रमाणातलं मिल-सी-७०२० टाइप १ हे नायलॉन ६,६ चं रिपस्टॉप कापड घ्या. रिपस्टॉप म्हणजे चीर पसरू नये म्हणून ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची चौकडी विणलेलं. वजन चौरस मीटरला जेमतेम ३७ ग्रॅम. धागा ३० डेनियरचा, म्हणजे ९ किलोमीटर धागा वजनाला ३० ग्रॅम भरतो. एवढ्या तलम कापडाची २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी तोडायला किमान ४२ पौंड, म्हणजे साधारण १९ किलोची ओढ लागली पाहिजे, अशी अट असते. पॅराग्लायडरचं कापड याच कुळातलं, चौरस मीटरला २७ ते ४० ग्रॅमच्या घरातलं. फरक इतकाच, की त्यावर हवा अडवणारा पॉलियुरेथेनचा किंवा सिलिकॉनचा लेप असतो. लेप नसलेल्या कमी झिरपणाऱ्या कापडात हेच काम वेगळ्या रीतीने साधलेलं असतं: विणून झाल्यावर गरम रुळांमधून दाबून धागे चपटे करतात, म्हणजे धाग्यांमधल्या फटी बुजतात.

आता ‘ताकद’ हा शब्द. तो एकेरी वापरला की घोटाळा होतो. तुटण्याची ताकद वेगळी आणि फाटण्याची ताकद वेगळी. पहिल्या प्रकारात पट्टीतले सगळे धागे एकदम ताण घेतात. दुसऱ्यात आधीच एक भोक किंवा चीर असते आणि ताण तिच्या टोकावरच्या दोनचार धाग्यांवर येतो. त्या क्षणी हे धागे थोडे सरकून एकमेकांजवळ गोळा होऊ शकले, तर ओझं वाटून घेतात आणि चीर थांबते. ते जागच्या जागी चिकटलेले असतील तर एकेक करून तुटत जातात. म्हणून धाग्यांवर सिलिकॉनचा गुळगुळीत थर असला की फाटण्याची ताकद वाढते, आणि कडक लेपाने धागे जखडले की ती कमी होते. साबणाने हा गुळगुळीत थर निघून गेला, तर कापडाची तुटण्याची ताकद होती तशीच राहील, पण फाटण्याची घसरेल. तुम्ही कापड दोन्ही हातांनी ताणून पाहाल आणि म्हणाल, एकदम ठणठणीत आहे. हवेत मात्र कापड फाटायला सुरुवात होते ती कुठल्या तरी छोट्या भोकापासूनच.

तिसरी गोष्ट हवा झिरपण्याची. ती ताकदीत मोजत नाहीत, पण धुण्याने सगळ्यात आधी तीच बिघडते. दाबून चपटे केलेले धागे पाण्यात फुगतात, घासले की गोल होतात, फटी पुन्हा उघडतात. रिझर्व्ह अशा कापडाचं असेल तर ते उघडण्याचा आणि खाली येण्याचा वेग बदलू शकतो. घाण गेली, पण ज्या कामासाठी ते घेतलं होतं ते काम आता वेगळ्या रीतीने होणार.

नायलॉनचा खरा वैरी म्हणजे आम्ल. नायलॉनची लांब साखळी अमाइड बंधांनी जोडलेली असते आणि आम्ल व पाणी मिळून हे बंध तोडतात. पॉलिएस्टरचं याच्या उलट: तो आम्लाला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण तीव्र अल्कलीत झिजतो. हे ध्यानात ठेवायचं कारण असं, की हार्नेसचे पट्टे पुष्कळदा पॉलिएस्टरचे असतात आणि छत्री, म्हणजे वर उघडणारं कापड, नायलॉनची. एकाला चालणारी ‘जालीम’ साफसफाई दुसऱ्याला चालेलच असं नाही. छत्रीला हार्नेसशी जोडणाऱ्या दोऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. डायनीमा (अतिशय मजबूत पॉलिथिलीनचा धागा) रसायनांना फारसं भीत नाही, पण तो १५० अंशांच्या अलीकडेच वितळतो आणि त्याच्या कितीतरी आधीच आकसतो. अरॅमिड (केव्हलारच्या कुळातला धागा) उष्णतेला पुरून उरतो, पण ऊन, वारंवार पडणाऱ्या घड्या आणि क्लोरीनचं ब्लीच त्याला सोसत नाहीत.

आम्ल म्हटलं की पहिला संशयित गाडीची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी. तिच्यातलं सल्फ्युरिक आम्ल चार्ज असताना ३५ टक्क्यांच्या आसपास असतं. एखादा थेंब कुठे लागला आणि वाळला की लोक निर्धास्त होतात. इथेच फसगत आहे. सल्फ्युरिक आम्ल उडून जात नाही, उडतं ते त्यातलं पाणी. म्हणजे थेंब वाळत जाईल तसं उरलेलं आम्ल अधिकाधिक तीव्र होत जातं. त्यात मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी. वर कापड घडी घालून ठेवलेलं, त्यामुळे एक थेंब एकाखाली एक अशा कितीतरी थरांत मुरतो. छत्री उघडून पसरली की ठरावीक अंतरावर, प्रत्येक घडीला एक, असे सारख्या आकाराचे पिवळसर किंवा नुसतेच फिकट गोल दिसतात. बोटाच्या पेराने हलकेच दाबलं की रिपस्टॉपची चौकडी तिथल्या तिथे जाळीसारखी सुटते आणि बोट आरपार जातं. शेजारच्या चौकटी मात्र नव्यासारख्या. बॅटरी सांडायलाच हवी असंही नाही. उघड्या झाकणांची बॅटरी चार्ज होताना बुडबुडे फुटतात आणि आम्लाचे बारीक तुषार हवेत उडतात. इन्व्हर्टरच्या कोनाड्यात वरच्या फळीवर ग्लायडर ठेवणारे लोक आहेत, म्हणून हे इतकं लांबण लावून सांगितलं.

न दिसणाऱ्या आम्लाचं सगळ्यात शिकवण देणारं उदाहरण १९८० च्या दशकातलं, अमेरिकेतलं आहे. तिथे त्या काळच्या काही गोल रिझर्व्ह पॅराशूटांमध्ये हवा जाण्यासाठी ठेवलेल्या झरोक्यांवर जाळीचं कापड शिवलेलं होतं. त्या जाळीत तयार होतानाच आम्ल राहून गेलं होतं. पॅराशूट घडी घालून महिनोन्‌महिने बंद, जाळी शेजारच्या रिपस्टॉपला चिकटून. बाहेरचं कुठलंही प्रदूषण नाही, उडी मारलेली नाही, ऊन लागलेलं नाही. तरी जाळीला टेकलेलं कापड हळूहळू कमकुवत झालं. डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं. मग तपासणीची रीत ठरली ती अशी: जाळीवर ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या सूचकाचा थेंब टाकायचा. पीएच ५.४ च्या वर तो निळा दिसतो, ३.८ च्या खाली पिवळा. पिवळ्याकडे झुकला की जाळी आम्लधारी. मग जाळीच्या आसपासच्या कापडाला २५ मिलिमीटर रुंदीचे दोन चिमटे ७५ मिलिमीटर अंतरावर लावून काट्याने सुमारे १८ किलोपर्यंत ओढायचं आणि काही सेकंद धरायचं. चांगलं कापड हे सोसतं आणि त्याला काही इजा होत नाही. खराब असेल तर हातात फाटून येतं. जी छत्री ओढीत टिकली तिचं आम्ल खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन काढता येत होतं. जी फाटली तिला धुऊन काही उपयोग नव्हता.

सोड्याचा उपयोग कुठे संपतो ते यात नीट दिसतं. सोडा आम्ल मारतो. तुटलेली साखळी जोडत नाही.

आता आपल्या घरातले वैरी, कारण उडण्याच्या जागेपेक्षा घर जास्त धोक्याचं आहे. टाइल्स आणि संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि त्याची वाफ बंद जागेत पसरते. बाथरूमला लागून असलेल्या माळ्यावर नायलॉन नको. काळं फिनाईल डांबरापासून काढलेल्या क्रेसॉलवर बनतं, आणि मेटा-क्रेसॉल हा नायलॉन चक्क विरघळवणारा द्रव आहे. प्रयोगशाळेत नायलॉनचं द्रावण करायला तोच वापरतात. फिनाईल पाण्यात घालून पुसलेल्या फरशीवर एकदा घडी घातली म्हणून लगेच भोकं पडणार नाहीत, पण सोसायटीच्या हॉलमध्ये रिझर्व्ह घडी घालायला बसण्याआधी फरशी कशाने पुसली ते विचारा आणि खाली स्वच्छ ताडपत्री अंथरा. काजूच्या टरफलातला चीक आणि बिब्बा हेही फिनॉलच्याच कुळातले. कोकणात कुठे काजूच्या बागेत उतरलात आणि काळपट तेलकट डाग पडला, तर तो नुसता रंगाचा डाग समजू नका, मोजून घ्या. डास पळवणाऱ्या मलमातलं डीईईटी नायलॉनला फारसं करत नाही, पण पॉलियुरेथेनच्या लेपाला मऊ पाडतं. ते चोळलेल्या हातांनी ग्लायडर गोळा करू नये.

शेतात उतरल्यावर लागणारी घाण त्यामानाने सोज्वळ. चिखल आणि शेण कापडाला रासायनिक इजा फारशी करत नाहीत. त्यांचा त्रास यांत्रिक आहे: मातीचे कण धाग्यांच्या मधे बसतात, घडी घातली की घासतात. पाचगणीच्या पठारावरची जांभ्याची तांबडी धूळ तर पॉलिश पेपरसारखी काम करते, आणि ग्लायडरच्या पंखाच्या टोकाच्या कप्प्यांमध्ये मूठ-मूठ साठते. ती ओली करू नये, झटकून काढावी. खत नुकतंच टाकलेलं शेत असेल तर मात्र सावध. सुपर फॉस्फेटमध्ये मोकळं आम्ल असतं आणि ते दवाच्या ओलाव्यातही विरघळतं. नाकतोडे हा आणखी एक विषय. गोळा करताना कप्प्यात अडकलेला नाकतोडा बाहेर पडायला वाट शोधतो, कापड कुरतडतो, आणि चिरडला तर त्याच्या अंगातला रस कापडात मुरतो. घडी घालण्याआधी दोन मिनिटं देऊन ते हाकलले की पुढचं दुखणं वाचतं.

मीठ. तारकर्ली, कळंगुट, अरंबोळ, जिथे छत्री समुद्राला भिडते तिथला हा रोजचा प्रश्न आहे. खारं पाणी नायलॉनचे बंध तोडत नाही. पण पाणी वाळलं की मिठाचे टोकदार स्फटिक तंतूंच्या मधे उरतात. कापड वाळलेल्या अवस्थेत चुरगळलं की हे स्फटिक आतून तंतू कापतात. शिवाय मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे कापड कधी पुरतं वाळत नाही, आणि धातूच्या कड्या गंजतात. गंज लागलेल्या जागी नायलॉन लवकर कुजतं. अमेरिकी सैन्याच्या पॅराशूटांसाठी याबाबतचा नियम कडक आहे. खाऱ्या पाण्यात २४ तासांपेक्षा जास्त राहिलेलं पॅराशूट बाद. त्याहून कमी वेळ राहिलं असेल तर बाहेर काढल्यापासून ३६ तासांच्या आत गोड्या पाण्यात खळबळायचं: पूर्ण बुडेल एवढं पाणी, हाताने ५ मिनिटं हलवायचं, पाणी बदलायचं, असं एकूण ३ वेळा, मग सावलीत निथळायला टांगायचं. ३६ तास उलटले तरीही बाद. पॅरासेलिंगच्या बोटीवर दिवसातून वीस वेळा भिजणारी आणि तिथेच उन्हात वाळणारी छत्री या मापाने कुठे बसते, याचा विचार पर्यटकांनी नाही तरी चालकांनी करावा. तिथे मिठाच्या जोडीला ऊनही आहे, आणि नायलॉनचं आयुष्य कमी करण्यात ऊन सगळ्यांचा बाप आहे. रंग उडालेलं कापड दिसलं तर ताकद त्याच्या आधीच गेलेली असते.

मिठाच्या धुलाईचा सगळ्यात मोठा कारखाना नासाचा होता, फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्रात. स्पेस शटलचे घन इंधनाचे दोन बूस्टर पॅराशूटने अटलांटिकमध्ये पडायचे आणि ती पॅराशूटं पुन्हा वापरायची असत. गुंता सोडवून ती डोक्यावरच्या मोनोरेलला टांगली जात, ३०,००० गॅलन म्हणजे लाखभर लिटरहून जास्त गोड्या पाण्याच्या धुलाईयंत्रात जात, आणि मग १४० अंश फॅरेनहाइट, म्हणजे ६० अंश सेल्सिअसच्या वाहत्या हवेत वाळवली जात. ध्यानात घ्यायची गोष्ट ही, की एवढ्या मोठ्या व्यवस्थेतही भर होता तो भरपूर पाण्यावर.

आणि ज्याला धुऊन उपयोग नसतो त्याचं उदाहरणही नासाचंच. ७ ऑगस्ट १९७१ ला अपोलो १५ परतताना तीन मुख्य पॅराशूट नीट उघडली आणि मग त्यातलं एक मिटलं. यान दोनांवर उतरलं, तिघेही अंतराळवीर सुखरूप. बिघडलेलं पॅराशूट समुद्रातून मिळालं नाही, पण चौकशीत सर्वांत संभाव्य कारण म्हणून बोट ठेवलं गेलं ते यानातलं उरलेलं इंधन बाहेर सोडण्यावर. मोनोमिथाइल हायड्राझिन बाहेर पडताना पेटून पॅराशूटच्या दोऱ्यांना इजा झाली असावी. पुढच्या मोहिमेत उपाय कापडावर नाही केला. नेहमीच्या उतरणीत ते इंधन बाहेर सोडायचंच नाही, टाकीत ठेवूनच उतरायचं, असं ठरलं.

आता धुणं. कधी धुवावंच लागतं: खारं पाणी, आम्ल, खत, पवना धरणाच्या गाळात बसलेलं ग्लायडर. तेव्हा काय करायचं ते असं.

कोरडी माती असेल तर पाणी लावूच नका. पूर्ण वाळू द्या, झटका, मऊ ब्रशने एकाच दिशेने काढा. टोकाच्या कप्प्यांची चेन किंवा वेल्क्रो असेल तर उघडून उलटं धरा. चिखलाच्या डागाला कोमट पाणी, तेही हाताला जेमतेम जाणवेल इतकं, ३० अंशांच्या आत. स्पंजने टिपायचं, चोळायचं नाही. लेप असलेल्या कापडाची लेपाची बाजू कोणती ते आधी पाहा, कारण तिच्यावर दोन मिनिटं घासलेलंही हवा झिरपण्याच्या मोजणीत दिसतं. डाग पुरता गेला नाही तर राहू द्या. हिरवा डाग घेऊन ग्लायडर दहा वर्षं उडतं.

साबणाबद्दल बहुतेक उत्पादक सांगतात, नको. हे ऐकावं. कपडे धुण्याची पावडर अल्कलीयुक्त असते, त्यात ब्लीच किंवा उजाळा देणारी द्रव्यं असतात, आणि तिचा अंश शिवणीत राहतो. रेशमाला चालतो म्हणून रिठा सुचवणारे भेटतात. रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि फेस तर साबणासारखाच. घरच्या पैठणीसाठी तो ठेवा. तेल किंवा इंजिनच्या धुराचा काळा थर असेल आणि पाण्याने हलतच नसेल, तर बादलीभर पाण्यात चहाचा एक चमचा उदासीन पीएचचा द्रव साबण, फक्त तेवढ्याच जागेपुरता, आणि त्यानंतर फेसाचा मागमूस उरणार नाही इतकं खळबळणं. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काही नाही. यातल्या काहींनी नायलॉनला काही होत नाही हे खरं, पण लेप सुटतो आणि रंग पसरतो.

वॉशिंग मशीन तर नकोच. फिरताना दोऱ्या एकमेकींत पिळतात, आणि त्यांचा आतला गाभा किती ताणला गेला हे बाहेरून कळत नाही. मोठा टब किंवा स्वच्छ फरशीवर उभी कड केलेली प्लास्टिकची ताडपत्री बरी. दोऱ्यांची आधी साखळीसारखी सैल विण घालून त्या एका पिशवीत बांधायच्या. पूर्ण छत्री भिजवायची झाली तर हाताने दाबून वरखाली करायची, पिळायची नाही. भिजलेल्या नायलॉनची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी कमी असते. वाळलं की ती परत येते, पण ओलं कापड खेचलं तर शिवणीजवळची भोकं तशीच रुंदावतात.

पाणी कुठलं हाही प्रश्न आहे. पुण्याच्या आसपास किंवा सोलापूर-मराठवाड्याकडे बोअरचं पाणी जड असतं. मीठ काढायला खळबळायचं आणि क्षार मागे सोडायचे, यात अर्थ नाही. पहिली दोन पाणी नळाची चालतील, शेवटचं पाणी मऊ हवं. आरओच्या फिल्टरचं पाणी दोन दिवस साठवलं की रिझर्व्हपुरतं जमतं.

आम्लाचा संशय असेल तर क्रम बदलतो. आधी वाहतं पाणी, किमान १० मिनिटं, डाग इतर कापडावर पसरणार नाही अशा बेताने कडेला धरून. मग लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा, फेस येणं थांबेपर्यंत. मग पुन्हा साधं पाणी. वाळण्याआधी त्या जागेवर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून पीएच कागद लावा, आणि तोच प्रयोग त्याच कापडाच्या स्वच्छ जागी करा. हा दुसरा थेंब विसरू नका. डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून स्वतःच ५.५-६ पीएचला येतं, त्यामुळे नुसता कागदावरचा आकडा फसवतो. पाहायचा तो दोन जागांमधला फरक. पीएच सारखा आला म्हणजे आम्ल गेलं, एवढंच. गेलेली ताकद परत येत नाही. कापड कमकुवत झालं असेल तर डागाचा तो फलक, म्हणजे कापडाचा तुकडा, शिवणीपासून शिवणीपर्यंत बदलून घेणं हाच पुढचा मार्ग, आणि ते काम प्रशिक्षित रिगरचं, म्हणजे पॅराशूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं.

वाळवताना सावली, वारा आणि धीर. दोऱ्यांना धरून टांगू नका. ग्लायडर कपडे वाळत घालायच्या तीनचार समांतर दोऱ्यांवर आडवं पसरा, म्हणजे पाण्याचं वजन एका शिवणीवर येत नाही. नायलॉन वजनाच्या ४ टक्क्यांच्या आसपास ओल हवेतूनही घेतं, त्यामुळे कोरडं वाटणारं कापड जुलैत कधीच पूर्ण कोरडं नसतं. पंखा लावून दोन दिवस द्या, आणि कप्प्यांच्या आतल्या फासळ्या, दुहेरी शिवणी व दोऱ्यांच्या गाठी हाताने चाचपा. तिथेच ओल लपते. हेअर ड्रायर आणि इस्त्री वर्ज्य. नायलॉन ६,६ वितळतं २६० अंशांच्या आसपास, पण लेप त्याच्या पुष्कळ आधी बिघडतो. पूर्ण भिजलेल्या ग्लायडरच्या दोऱ्यांची लांबी मोजून घ्यायला हवी. काही दोऱ्या भिजून-वाळून आकसतात, आणि अर्धा-एक सेंटीमीटर फरकाने पंखाचा कोन बदलतो.

मोजणी. घरी हात लावून ताकद कळते हा गैरसमज आहे. कार्यशाळेत पॅराग्लायडरला दोन यंत्रं लावतात. पहिलं बेट्सोमीटर: कापडात ठरावीक जाडीची सुई टोचून स्प्रिंगच्या काट्याने ओढतात. नेहमीच्या कापडाला ६०० ग्रॅमपर्यंत ओढल्यावर भोक ५ मिलिमीटरच्या आत राहिलं पाहिजे. ही फाटण्याची परीक्षा आहे, म्हणजे धुण्याने जी ताकद आधी जाते तिचीच. दुसरं पोरोसिमीटर: ३८.५ चौरस सेंटीमीटर कापडातून पाव लिटर हवा खेचायला किती सेकंद लागले ते सांगतं. नव्या कापडाला शेकडो सेकंद लागतात. आकडा दहा-पंधरावर आला की ग्लायडर निवृत्तीला लागलं समजा. मोजायला सांगताना एक करा: धुतलेली जागा आणि न धुतलेली जागा, दोन्ही मोजायला सांगा. पुढच्या कडेजवळ वरच्या बाजूला मोजण्याची पद्धत असते, कारण ऊन आणि झीज तिथे जास्त. पण तुमचा डाग मागच्या कडेला असेल तर यंत्र तिथे न्यायला तुम्हीच सांगायला हवं. डाग कुठे, कशाचा, कशाने धुतला, हे कागदावर लिहून ग्लायडरसोबत द्या. तपासणाऱ्याला ते न सांगणं म्हणजे डॉक्टरला दुखतंय कुठे ते न सांगणं.

राहिला पावसाळा. पॉलियुरेथेनच्या काही लेपांना ओल आणि उष्णता एकत्र मिळाली की ते सुटतात, कापड चिकट होतं, उलगडताना टरटर आवाज येतो, आंबूस वास येतो. बुरशी नायलॉन खात नाही, पण त्यावर राहिलेला चीक, घाम आणि शेण खाते, आणि लेपावर ठिपके पाडते. म्हणून ग्लायडर आवळून दाबलेल्या पिशवीत नाही, सैल गुंडाळून सुती चादरीत किंवा हवा खेळणाऱ्या पिशवीत ठेवावं, पत्र्याखालच्या माळ्यावर नाही, भिंतीला टेकवून नाही. सिलिका जेलच्या पुड्या टाकता येतील, पण त्या महिन्याने तपासायच्या आणि निळ्याचा रंग उतरला की बदलायच्या. नारळी पौर्णिमेच्या सुमारास, उघडीप मिळाली की, एकदा सावलीत उलगडून तासभर हवा द्या, आणि घडी पुन्हा त्याच रेषांवर न घालता थोडी सरकवून घाला.